पालथ्या बाळाचं बारसं

बाराव्या दिवशी सकाळी सातलाच रुक्मिणीबाईंनी वरवंटा धुवायला काढला, तेव्हाच शालननं ओळखलं की आईनं मनाशी काहीतरी पक्कं केलंय, आणि आता ब्रह्मदेव आला तरी ते बदलायचं नाही. वरवंटा म्हणजे बारशाचा पहिला मानकरी. त्याला काजळकुंकू लावायचं, कुंची घालायची, बाळाच्या आधी पाळण्याखालून-वरून फिरवायचं. पण हे सगळं दिवेलागणीचं काम. रुक्मिणीबाई मात्र परसात बसून नारळाच्या शेंडीनं त्याला खसाखसा घासत होत्या, जसं काही त्या दगडानं त्यांचं घोडं मारलं होतं.

शालन चाकणहून पहिल्या एस.टी.नं नाशिकफाट्यावर उतरली आणि तिथून पायी कासारवाडीत, माहेरी आली होती. पिशवीत तिनं रात्री जागून शिवलेली कुंची होती आणि एक झबलं. झबलं मुद्दाम उलटं शिवलं होतं, बंद पुढं आणि पाठ कमरेपाशी मोकळी. बन्सीची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, ही पहिली लेक. सुभद्रेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोरगी गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस, रडली तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची. फक्त कमरेच्या जरा वर, पाठीच्या मधोमध, लिंबाएवढी एक फुगीर पिशवी घेऊन ती जन्माला आली होती. कातडी इतकी पातळ की बघणाऱ्याचं बोट आपोआप मागं यायचं.

"आये, येवढ्या सकाळी वरवंटा कशाला गं?"

"दुपारी येळ व्हायचा न्हाई. ठकुबाई येतीय."

"सुईण आता कशाला? नाळ पडली, शेक झाला."

"बिब्बा घालाया," रुक्मिणीबाई वर न बघताच म्हणाल्या. "गळू एकदाचं फुटलं म्हंजी सांजच्याला पोरगी नीट उताणी निजंल पाळण्यात. पालथी घालाया ती काय घागर हाय? आमच्यात पालथं पोर पाळण्यात घालत न्हाईत."

शालन तिथंच पायरीवर बसली.

बिब्ब्याला नाव ठेवील असं गावात एक घर नव्हतं. सुईच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की गळवावर टेकवायचं. कातडी भाजते, गळू फुटतं, निचरा होतो, माणूस दुसऱ्या दिवशी शेतावर. शालनच्या स्वतःच्या पोटरीवर तसला काळा डाग होता. पण बिब्ब्यानं याच घरात आणखी एक गोष्ट केली होती, तीस वर्षांपूर्वी, आणि ती शालननं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

तेव्हा ती दहा वर्षांची. आईला मुलगा झाला होता, थोरल्या दत्तोबाच्या आणि शालनच्या पाठचा, बन्सीच्या आधीचा. त्याच्याही पाठीवर असंच. अकराव्या दिवशी बिब्बा घातला, बाराव्याला ताप भरला, मान धनुष्यासारखी मागं वळली, तेराव्याला पोर गेलं. बारसंच झालं नाही, त्यामुळं त्याला नावही नव्हतं. घरात कधी विषय निघालाच तर 'ते' म्हणायचे. त्या दिवशी 'त्या'चे पाय कुणी धरले होते, हे रुक्मिणीबाईंना माहीत नव्हतं. शालनला माहीत होतं, कारण धरणारे हात तिचेच होते.

"आये, परवा बुधवारी पुण्याला न्यायचंय तिला. डॉक्टरनं निक्षून सांगितलंय, पिशवीला हात लावायचा न्हाई, दाबायची न्हाई, फुटू द्यायची न्हाई."

"डाक्टर बाप्या हाय. त्यानं किती पोरं काढली पोटातनं? म्या चार काढली."

"आन् तीन हायेत," शालनच्या तोंडून निसटलं.

वरवंट्यावरचा हात थांबला. मग पुन्हा खसाखसा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. शालननं जीभ चावली आणि आत गेली.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याचा धूर कोंदला होता. सुभद्रा भिंतीला टेकून, मांडीवर पोरीला पालथी घेऊन बसली होती. शेजारी ताटलीत उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, त्यात धुतलेल्या धोतराच्या घड्या. दर दोन तासांनी ओली घडी पिशवीवर ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही, हे तिला पुण्याच्या इस्पितळातल्या नर्सनं निरोप धाडून शिकवलं होतं आणि ती ते देवपूजेसारखं पाळत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. पोरगी मात्र मजेत बोट चोखत होती.

"वन्सं, खरं सांगा," सुभद्रा खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या हातनं काय झालं? पाचव्या म्हैन्यात म्या कडब्याच्या पेंढ्या उचलल्या व्हत्या. थोरल्या जाऊबाई म्हंत्यात त्यानंच. आन् सासूबाई म्हंत्यात, सातव्यात म्या उंबऱ्यावर बसले व्हते."

"त्यांचं काय, उद्या म्हंतील तू शिंकलीस म्हणून झालं." शालननं नवं झबलं काढून तिच्यापुढं धरलं. "हे बघ. झबल्याला बंद असतात का न्हाई? एक एक करत मिटत जायचं. डॉक्टर म्हणाला, पाठीचा कणा पोटात तसाच मिटत जातो, वरनं खाली. आत नसांची दोरी असती, तिच्यावर हाडाच्या कमानी बसत्यात. हिच्या दोन कमानी मिटायच्या ऱ्हायल्या. त्या फटीतनं आतली पिशवी भायेर आली."

"पर का ऱ्हायल्या?"

"ते त्यालाबी ठावं न्हाई. सरळ म्हणाला, कुणालाच ठावं न्हाई अजून. पर कवा ऱ्हायल्या ते ठावं हाय. पहिल्या म्हैन्यात. तुला पाळी चुकली का न्हाई ह्याचा पत्ताबी नसंल, तवा." शालन तिच्या जवळ सरकली. "पाचव्यात तू कडबा उचलशील न्हाईतर हत्ती उचलशील. जे व्हायचं ते कवाच होऊन गेलं व्हतं."

बारा दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी निर्दोष सोडलं होतं. मग ती पोरीच्या टाळूवर गाल टेकून हमसून हमसून रडली, आणि शालननं तिला रडू दिलं. एवढ्या वेळात तिनं पिशवीतली शिंप्याची फीत काढून पोरीचं डोकं मोजून घेतलं. डोक्यात पाणी साचून ते वाढतंय का ते बघायचं होतं, डॉक्टरनं सांगितलं होतं. आकडा मागच्या खेपेचाच होता. शालननं मनात ग्रामदेवाला नारळ बोलला.

"सासूबाई आज बिब्बा घालनार म्हंत्यात," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. "तुमचे भाऊ म्हंत्यात नको, पर त्यांचं वेगळंच."

बन्सीचं वेगळंच म्हणजे काय, ते नऊ वाजता तो रातपाळी करून आला तेव्हा कळलं. बन्सी पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कंपनीत बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. दोन वर्षं झाली होती, पण अंगात खाकी कपडे चढले की अजूनही त्याची छाती दोन बोटं फुगायची. घरात कुणाला खरचटलं, कुणाला पडसं आलं, गाईला जरा बरं नाही वाटलं, की हा म्हणायचा, आमचं पेनिसिलिन हाय की. आज त्यानं रुमालातून छोट्या बाटल्यांचा खोका काढून सोप्यावर ठेवला, देवाचा प्रसाद ठेवावा तसा.

"आक्का, आपरेशनची गरजच न्हाई. डॉक्टरच म्हणाला व्हता ना, पेनिसिलिन द्यायचं? मी कंपौंडरला बोलून आलोय. दिवसाला दोन सुया, दहा दिवस. पिशवी विरघळून जाईल."

सोप्याच्या दुसऱ्या टोकाला दत्तोबा बसला होता, थोरला भाऊ. त्याच्या दंडावर चार दिवसांपासून गळू आलं होतं आणि त्यावर कांद्याचं पोटीस बांधलेलं. त्या दुखण्यामुळं तो सगळ्या जगावरच उखडून होता.

शालन म्हणाली, "बन्सी, पोरीला तपासली त्या दिवशी मीबी तिथंच व्हते. डॉक्टर म्हणाला, आपरेशन करू, आन् मागाहून जखमेत पू व्हऊ नये म्हणून पेनिसिलिन देऊ. तू पेनिसिलिन ऐकलंस आन् तुझे कान बंद झाले. घरचं नाव निघालं की माणसाला पुढचं ऐकू येत न्हाई."

"पर आक्का, आमच्या कंपनीत सायेब म्हंत्यात, लढाईत ह्यानं हजारो माणसं वाचली."

"वाचली की. जंतू मेले. पर हितं जंतूच न्हाईत रे अजून. उघडं राहिलेलं दार हाय. दाराला औषध पाजून दार लागतं व्हय?"

बन्सी खोक्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याला वाटलं होतं, जगाला वाचवणारी वस्तू आपण रोज हाताळतो, मग आपल्याच पोरीच्या वेळी ती कामी येणार नाही असं कसं होईल? त्याचा चेहरा इतका उतरला की शालनला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

"मी सांगू?" दत्तोबा दंड सांभाळत म्हणाला. "रागवू नका. आपरेशनात जगंल का मरंल ते डाक्टरला ठावं न्हाई. जगली तर चालंल का, तेबी ठावं न्हाई. उजवा पाय तर आत्ताच लुळा हाय. पोरीची जात. उद्या आपन म्हातारं झाल्याव तिला कोन उचलनार? देवानं धाडली, देव नेतो म्हनला तर नेऊ द्यावं. कापाकापी कशाला?"

दत्तोबा दुष्ट नव्हता. पहिल्या दिवशी पोरीला बघून गोठ्यात जाऊन रडणारा तोच होता. पण भ्यायला की तो असा शहाण्यासारखा बोलायचा. कुणी उत्तर देण्याआधी आतल्या खोलीच्या दारातून सुभद्रेचा आवाज आला. थोरल्या दिरासमोर ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती.

"भावजी, तिचा डावा पाय मला रोज लाथ मारतोय. मी उचलीन तिला. माझं हात हायेत तवर मी उचलीन."

बन्सीनं खोका रुमालात पुन्हा बांधला. "बुधवारी न्यायची," तो म्हणाला. "बाटल्या तिकडंच देतो, मागाहून लागतील तवा लागतील." मग त्यानं आवाज खाली आणला. "पर आईला कोन सांगनार?"

दत्तोबा छपराकडे बघू लागला, बन्सी बुटाच्या नाडीकडे. सगळ्या घराला ठाऊक होतं की आईपुढं बोलायचं काम नेहमी शालनवर येतं. ती परघरी गेलेली, चार शब्द ऐकले तरी संध्याकाळच्या गाडीनं तिला सुटता येतं, असा या भावांचा हिशेब. पण या खेपेला शालनला सुटका नव्हती. बिब्बा थांबवायचा तर 'त्या'ची गोष्ट काढावी लागणार होती, आणि ती काढली की पुढचा प्रश्न दाराशीच उभा होता.

ठकुबाई दुपारी जेवणं उरकल्यावर आली. साठीची, काटक, हातात कापडी चंची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर पहिला श्वास घेतलेली, त्यामुळं ती पाटलालाही एकेरी हाक मारायची. तिनं पाय धुतले, पाणी प्यायली, चंचीतून सुई आणि दोन बिब्बे काढले. रुक्मिणीबाईंनी समई आणली आणि सुभद्रेपुढं हात पसरले.

"दे पोर."

सुभद्रेनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि शालनकडे बघितलं.

"आये, थांब," शालन म्हणाली. "घाल बिब्बा, मी अडवत न्हाई. फकस्त त्याआधी एक गोष्ट बघ. तू सोताच्या डोळ्यांनी बघ आन् मग ठरीव. बन्सी, तुझी बॅटरी दे आन् दार लोट."

बन्सीची रातपाळीची बॅटरी. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, दार लोटून समई दाराआड केली तसा भरदुपारी तिथं अंधार झाला. शालननं दत्तोबाचा हात धरून त्याला पुढं ओढला आणि पोटीस काढलं.

"अगं अगं, हळू!"

"हे गळू. सगळ्यांना मान्य?" तिनं बॅटरी गळवाच्या कडेला टेकवून लावली. गळू तसंच काळंमिट्ट राहिलं, उजेड अलीकडंच अडला. "आता हिकडं बघ."

तिनं सुभद्रेच्या मांडीवरच्या पोरीच्या पाठीवरची ओली घडी उचलली आणि बॅटरी पिशवीच्या बाजूला, न टेकवता, अलगद धरली. पिशवी आतून उजळली. सगळीच्या सगळी, लालसर, कागदी आकाशकंदिलासारखी. आत कुठं गाठ नाही, डाग नाही, नुसता उजेड. दत्तोबानं दंड चोळणं थांबवलं.

"पू असता तर उजेड गेला असता का?" शालन म्हणाली. "हे पाणी हाय आये. मेंदूभवती असतं तेच पाणी, पाठीतनं खाली आलेलं. हे फुटलं तर भायेरची घाण ह्या वाटेनं थेट डोक्यात जाती. डॉक्टरनं मला अश्शीच बॅटरी लावून दाखीवली व्हती."

रुक्मिणीबाई वाकून बघत होत्या. मग त्या तशाच वाकलेल्या अवस्थेत, पोरीवरची नजर न काढता बोलल्या.

"ठके. तवा काय निघालं व्हतं?"

ठकुबाईनं न समजल्यासारखं केलं नाही. "पानी," ती म्हणाली. "साफ पानी. नारळाच्या पान्यासारखं."

"मला पू म्हनून सांगितलं व्हतं."

"तुझ्या सासूनं सांगितलं, रुक्मे. मी नवी व्हते, माझ्या सासूच्या हाताखाली. गळवात पानी नसतं येवढं मला कळलं व्हतं. पर बोलनार कुनापुढं?" ठकुबाईनं हातातली सुई खाली ठेवली. "आजबी आले ते तू बोलावलंस म्हनून आले. वाटंत तीनदा माघारी फिरले."

रुक्मिणीबाई पोरीशेजारी बसल्या.

"तीस वर्सं," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं मी म्हनतीय, माझ्यापायी गेला. सासूबाई म्हनायच्या, पाचव्या दिवशी बिब्बा घालू. मी म्हनायची, न्हाई, माझ्या लेकराला डाग देऊ द्यायची न्हाई. धा दिवस मांडीवरनं खाली ठिवला न्हाई त्याला. अकराव्याला न्हायला गेले, तेवढ्यात घातला. आन् तो गेल्याव सासूबाई म्हनाल्या, पाचव्याला घातला असता तर जगला असता, तू अडवलंस, गळू आत उतरलं." त्यांनी पदर तोंडात धरला. "म्हनून हिला... म्हनून मी म्हनलं, हिच्या टायमाला उशीर नको."

आई बिब्ब्यावर का अडून बसली, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाटलं होतं, जुना हट्ट. इथं तर ही बाई तीस वर्षं स्वतःला मारेकरीण समजून जगत होती, आणि खरं काय ते माहीत असलेली लेक चाकणहून दर सणाला येऊन पुरणपोळ्या खाऊन जात होती.

"आये, उशिरानं न्हाई गेला तो," शालन म्हणाली. "बिब्ब्यानं गेला. तू अडवलंस ते बराबर व्हतं. तू धा दिवस अडवलंस म्हणून तो अकरा दिवस नीट दूध प्याला. ते दिवस त्याला तू दिलेस."

रुक्मिणीबाईंनी वर बघितलं.

"आन् अजून एक." आता थांबलं तर पुन्हा कधी बोलवणार नाही, हे शालनला कळत होतं. "न्हायला जाताना तू मला दारात बसवलं व्हतंस. आठवतंय? म्हणालीस, कुणी आत शिरलं तर मला हाक मार. आजीनं मला दोन बत्तासे दिले. म्हणाली, हाक मारू नगंस, आत ये आन् बाळाचे पाय धर. म्या हाक मारली न्हाई. म्या पाय धरले. त्यानं पाय झाडलेच न्हाईत आये, पार मऊ व्हते, म्हणून मला वाटलं त्याला काय दुखत नसंल."

शालनच्या हातातली बॅटरी कुणी बंद केली नव्हती, ती जमिनीवर पिवळा गोल पाडत राहिली. रुक्मिणीबाई उठल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी दार उघडलं आणि परसात निघून गेल्या. शालन मागं जायला निघाली तशी ठकुबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तीस वर्सांचं वझं उतरलं, जरा खांदं चोळू दे तिला." मग तिनं सुई उचलली आणि दत्तोबाकडे वळली. "आन् तू कुठं निघालास? बिब्बा काढलाय, वाया का घालवायचा? आन दंड हिकडं."

दत्तोबाच्या बोंबेनं तीन घरं गोळा झाली.

दिवेलागणीला बायका जमल्या. तुळईला पाळणा टांगला होता, झेंडूची माळ, खाली गव्हाची रास, कोपऱ्यात घुगऱ्यांची परात. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त रुक्मिणीबाई नव्हत्या. त्या दुपारपासून परसातच, गोठ्याच्या ओट्यावर बसून होत्या. सुभद्रेनं चहा नेला, तो तसाच गार झाला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पालथ्या पोरीची गोष्ट गावात फिरली होतीच. आता आजीच बारशाला येत नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. शालनला वाटलं, आपण एक सोडवायला गेलो आणि दुसरं तोडून ठेवलं. आजी बसली नाही तर पोरीला घरानं पदरात घेतलं असं गाव कधी मानणार नाही, आणि परवा गाडीत बसताना बन्सीचा धीरही सुटेल.

तेवढ्यात परसाचं दार वाजलं. रुक्मिणीबाई आत आल्या. तोंड धुतलेलं, कपाळावर ताजं कुंकू, एका हातात कुंची घातलेला वरवंटा, दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची गोधडी, मऊ लुगड्याची. वरवंटा त्यांनी थोरल्या सुनेच्या हाती दिला. गोधडीची घडी केली, पाळण्यात पसरली, मधे हातानं खळगा केला. मग सुभद्रेकडून पोर घेतली.

"रुक्मे, पालथी?" शेजारची एक म्हातारी पुटपुटली.

"व्हय, पालथी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तिच्या पाठीला त्रास व्हतो. कुनाला अडचन असंल तर घुगऱ्या घेऊन घरी जावं."

कुणी हललं नाही. पोर पाळण्याखालून गेली, वरून आली, या हातातून त्या हातात, आणि प्रत्येक बाई तिला पोटावर झेलून पुढं देत होती, न सांगता. शेवटी रुक्मिणीबाईंनी तिला गोधडीच्या खळग्यात पालथी निजवली, मान कडेला वळवली. पोरीनं डावा पाय झाडला.

"चल, आत्याबाई," थोरली जाऊ म्हणाली.

शालन पाळण्यावर वाकली. पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र," ती म्हणाली. "तुझं नाव सुमन."

आता बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. दर बारशाला हे असंच असतं, यासाठीच अर्ध्या बायका येतात, कुणाची जुनी उधारी असेल तर तीही याच वेळी वसूल होते. पण आज एकीचाही हात उठेना. पाठीवर उघडी पिशवी असलेली ती पोर समोर पालथी निजलेली असताना दुसऱ्या पाठीवर मारायचं म्हणजे सगळ्यांनाच कसंतरी झालं. शालन वाकलेली तशीच राहिली, पाठ पुढं करून.

धप्प.

हात आईचा होता. बसला तो खोटा नव्हता; शालनच्या बांगड्या पाळण्याच्या काठावर वाजल्या.

"दोन बत्ताशांवर विकलीस व्हय गं मला?" रुक्मिणीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. दुसरा बसला. "तीस वर्सं तोंड मिटून बसलीस." तिसरा. "मी रोज मरत व्हते, कार्टे." चौथा अर्ध्यावर येऊन हलका झाला, आणि मग तो हात उचललाच गेला नाही, शालनच्या पाठीवर, मणक्यावर, वरून खाली फिरत राहिला.

"मार आये," शालन रडत म्हणाली. "लई ऱ्हायलेत अजून. मार."

"पुरं झालं. परवा गाडीत पोरीला पुण्यापत्तुर मांडीवर पालथी घेऊन बसायचंय. पाठ शाबूत ऱ्हायला पायजे." रुक्मिणीबाईंनी पदरानं आधी लेकीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. "निम्म्या वाटंपत्तुर तू घे. म्होरं मी घेईन."